सुपरहीरो चित्रपटांतील जुन्या धाटणीची केशभूषा व वेशभूषा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

चित्रपटातील कथा कोणत्या काळात घडते आहे, हे प्रेक्षकाला बहुधा पात्रांच्या केसांवरून आणि कपड्यांवरून प्रथम कळते. संवाद, वाहने, इमारती यांचा क्रम त्यानंतर लागतो. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथातील एका लेखात 'ज्युलियस सीझर' (१९५३) या हॉलिवूडपटाचा विचार केला आहे. त्या चित्रपटातील पुरुषपात्रांच्या कपाळावर उतरलेल्या आखूड बटा हेच त्यांच्या रोमनपणाचे चिन्ह बनले होते, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. ऐतिहासिक रोममध्ये केस असे राखले जात होते किंवा नाही, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. प्रेक्षकाला क्षणात 'हे रोम आहे' असे वाटले की त्या बटांचे काम संपते.

बार्थ यांचे हे निरीक्षण ज्या चित्रप्रकाराला विशेषत्वाने लागू पडते तो म्हणजे अमेरिकन सुपरहीरो चित्रपट. या चित्रपटांचे नायक मूलतः १९३० ते १९६० या दशकांतील चित्रकथांमधून जन्मलेले आहेत. त्यामुळे त्यांना पडद्यावर आणताना जुन्या धाटणीचे केस व कपडे ठेवावेत, बदलावेत की टाकून द्यावेत, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील वेशभूषाकारांपुढे नव्याने उभा राहतो. हा प्रश्न सौंदर्यदृष्टीपुरता मर्यादित नाही. एखाद्या काळातील केशरचना व पोशाख हे त्या काळातील कायदे, टंचाई, श्रम, वंशभेद आणि स्त्रियांचे स्थान यांतून घडलेले असतात. चित्रपट हे बाह्य रूप उचलतो, तेव्हा त्यामागील कारणेही सोबत येतात का, हा प्रस्तुत निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

अभ्यासाची व्याप्ती

या निबंधात १९७८ ते २०२५ या काळातील निवडक अमेरिकन सुपरहीरो चित्रपटांचा आणि तुलनेसाठी एका दूरचित्रवाणी मालिकेचा विचार केला आहे. चित्रपटातील दृश्य रूप, त्याचे मूळ चित्रकथेतील रूप आणि त्या रूपामागील ऐतिहासिक परिस्थिती अशा तीन पातळ्यांवर तुलना करण्याची पद्धत येथे स्वीकारली आहे. चित्रपटांच्या कलात्मक दर्जाचे मूल्यमापन हा या निबंधाचा उद्देश नाही.

सर्कशीतून आलेला पोशाख

जेरी सीगल व जो शुस्टर या तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन जून १९३८ हा दिनांक असलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि त्यावर निराळ्या रंगाची आखूड चड्डी हे त्याचे रूप पुढील पिढ्यांना हास्यास्पद वाटले, तरी १९३८ च्या वाचकाला ते परिचित होते. सर्कशीतील पहिलवान, कसरतपटू व कुस्तीगीर याच धाटणीचे कपडे घालून लोकांसमोर येत. शारीरिक सामर्थ्याचा तो तत्कालीन गणवेशच होता. त्याच्या दोन वर्षे आधी, १९३६ मध्ये, ली फॉक यांचा 'फँटम' अशाच घट्ट पोशाखात वृत्तपत्रांतून प्रकटला होता. मराठी वाचकांच्या एका पिढीला हा नायक, १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स' या मालिकेमुळे, 'वेताळ' या नावाने चांगलाच परिचित आहे.

सुपरमॅनच्या कपाळावर लोंबणारी केसांची बट पुढे त्याची ओळखखूण बनली. तेल लावून चापून बसविलेले, बाजूला भांग पाडलेले केस ही त्या काळच्या सभ्य पुरुषाची रीत होती. त्यातून सुटलेली एकच बट त्या सभ्यतेत थोडा खट्याळपणा आणते. पोशाख सर्कशीचा आणि केस मध्यमवर्गीय नोकरदाराचे, असे हे मिश्रण महामंदीच्या काळातील अमेरिकन शहराचे अपत्य होते.

जुनेपणातून स्वभावदर्शन : 'सुपरमॅन' (१९७८)

रिचर्ड डॉनर दिग्दर्शित 'सुपरमॅन' हा चित्रपट १९७८ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभीच जून १९३८ चा निर्देश आहे आणि एक मूल चित्रकथेची पाने उलटताना दिसते. नायकाचे किशोरवय १९५० च्या दशकातील कॅन्सस प्रांतात घडते. तेथील मोटारी, कपडे आणि रेडिओवरील रॉक अँड रोल संगीत या सर्वांतून तो काळ उभा केला आहे. त्यानंतर कथा समकालीन महानगरात येते. वृत्तपत्राच्या कचेरीतील इतर मंडळी १९७० च्या दशकातील कपड्यांत वावरत असताना क्लार्क केंट मात्र जुन्या पद्धतीचा सूट व हॅट घालून येतो.

इव्हॉन ब्लेक यांच्या वेशभूषेतील ही विसंगती हेतुपूर्वक योजलेली आहे. व्हिएतनाम युद्ध आणि वॉटरगेट प्रकरण यांनंतरच्या अमेरिकेत 'अमेरिकन ग्राफिटी' (१९७३) हा चित्रपट व 'हॅपी डेज' (१९७४ पासून) ही मालिका यांनी मागच्या दशकांची ओढ लोकप्रिय केली होती. त्या वातावरणात जुन्या धाटणीचे कपडे हे प्रामाणिकपणाचे चिन्ह बनले. क्रिस्टोफर रीव्ह या अभिनेत्याचे केस काळे रंगवून कपाळावर ती बट आणली गेली. क्लार्क आणि सुपरमॅन यांच्या केसांचा भांग परस्परविरुद्ध बाजूंना पाडला गेला. एकाच व्यक्तीची दोन रूपे केवळ चष्म्यावर न सोडता केशभूषेच्या आधारे वेगळी करण्याचा हा प्रयोग अभ्यासनीय आहे. येथे भूतकाळ हा काळ म्हणून येत नाही, तर नीतिमूल्य म्हणून येतो. १९५० च्या दशकातील कॅन्ससमध्येच, टोपेका येथील शाळेच्या संदर्भात, वर्णभेदी शिक्षणाविरुद्धचा 'ब्राऊन' खटला लढला गेला आणि १९५४ मध्ये त्याचा निकाल लागला, याची सावलीही चित्रपटातील सोनेरी शेतांवर पडलेली दिसत नाही.

१९३८ चे आकर्षण : 'द रॉकेटीअर' आणि 'द फँटम'

१९९० च्या दशकात दोन उल्लेखनीय चित्रपटांनी आपली कथा १९३८ या वर्षात मांडली : जो जॉन्स्टन दिग्दर्शित 'द रॉकेटीअर' (१९९१) आणि 'द फँटम' (१९९६). महामंदी ओसरत आलेली, अमेरिकेच्या दृष्टीने युद्ध अद्याप दूर आणि हॉलिवूड भरभराटीत, अशा या वर्षाचे निर्मात्यांना आकर्षण वाटणे स्वाभाविक होते.

'द रॉकेटीअर'च्या नायिकेचे उदाहरण विशेष बोलके आहे. डेव्ह स्टीव्हन्स यांच्या १९८२ पासूनच्या मूळ चित्रकथेतील नायिका बेटी ही बेटी पेज या प्रसिद्ध मॉडेलवर बेतलेली होती. कपाळावर सरळ कापलेले काळेभोर केस ही पेजची ओळख. परंतु तिची प्रसिद्धी १९५० च्या दशकातील. १९२३ मध्ये जन्मलेली ही स्त्री १९३८ मध्ये अवघी १५ वर्षांची होती. म्हणजेच चित्रकाराच्या मनातील 'जुना काळ' हा दोन निरनिराळ्या दशकांच्या मिश्रणातून तयार झालेला होता आणि वाचकांनाही त्यात काही खटकले नाही. चित्रपटात या पात्राचे नाव जेनी झाले आणि केसही १९३० च्या दशकाला साजेसे झाले. चित्रपटाने येथे चित्रकथेपेक्षा अधिक कालसुसंगत होण्याचा मार्ग निवडला.

'द फँटम'मध्ये १९३८ च्या अमेरिकन उच्चवर्गाचे सूट व गाऊन तन्मयतेने उभे केले आहेत. पण जंगलातील लोकांचा पिढीजात गोरा रक्षक ही जी मूळ कल्पना साम्राज्यशाहीच्या काळात रुजली, तिच्याकडे चित्रपट चिकित्सेने पाहत नाही. कपड्यांचा काळ काटेकोर आणि सत्तासंबंधांचा काळ मात्र धूसर, हा पुढे वारंवार दिसणारा आकृतिबंध येथे स्पष्ट होतो.

युद्धकाळ : रूप टिकते, कारण गळते

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकन केशभूषा व वेशभूषा हा सुपरहीरो चित्रपटांचा सर्वांत समृद्ध स्रोत आहे. त्यामुळे तिच्यामागील कारणे थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक ठरते.

१९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाने एल-८५ या आदेशाद्वारे स्त्रियांच्या कपड्यांसाठी वापरावयाच्या कापडावर मर्यादा घातल्या. स्कर्टची लांबी व घेर आवरला गेला, अनावश्यक चुण्या व दुमडी वगळल्या गेल्या. पुरुषांच्या सूटवरही अशीच बंधने आली. आज 'चाळिशीच्या दशकाचा डौल' म्हणून जे सडसडीत रूप वाखाणले जाते, ते मोठ्या प्रमाणात टंचाईने आणि सरकारी नियमांनी घडविले होते. केसांचेही तसेच. वेरोनिका लेक या अभिनेत्रीची एका डोळ्यावर उतरणारी लांब केसांची रचना इतकी लोकप्रिय होती की कारखान्यांत यंत्रांवर काम करणाऱ्या स्त्रियांचे केस यंत्रात अडकण्याचा धोका निर्माण झाला. १९४३ मध्ये सरकारी विनंतीवरून तिने आपले केस वर बांधून घेतले आणि त्याला प्रसिद्धी देण्यात आली. केस कपाळापासून वर गुंडाळून पिनांनी घट्ट बसविण्याच्या त्या काळच्या प्रसिद्ध रचनेमागेही फॅशनइतकीच कामकरी स्त्रीची गरज होती.

याच वर्षी, जून १९४३ मध्ये, लॉस एंजेलिस येथे 'झूट सूट' दंगली झाल्या. पायघोळ ढगळ कोट आणि घोट्यापाशी निमुळती होणारी विजार असा हा पोशाख मेक्सिकन-अमेरिकन व कृष्णवर्णीय तरुणांत प्रिय होता. कापड वाचविण्याच्या काळात असा पोशाख करणे देशद्रोहासमान मानून नौसैनिकांच्या टोळ्यांनी रस्त्यांवर तरुणांना गाठले, मारहाण केली, त्यांचे कपडे उतरविले आणि केस कापले. केस आणि कपडे हे त्या शहरात नागरिकत्वाच्या वादाचे विषय झाले होते.

या पार्श्वभूमीवर जॉन्स्टन यांचाच 'कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर' (२०११) पाहावा. वेशभूषाकार अ‍ॅना शेपर्ड यांना 'शिंडलर्स लिस्ट' व 'द पियानिस्ट' यांसारख्या युद्धकालीन चित्रपटांचा अनुभव होता. नायकाचा मूळ चित्रकथेतील चमकदार पोशाख येथे प्रथम रंगमंचावरील वेश म्हणून येतो. तो घालून नायक गावोगावी युद्धरोखे विकण्याचा प्रचार करतो. प्रत्यक्ष रणांगणावर गेल्यावर तोच पोशाख जाड कापड, चामडी पट्टे व शिरस्त्राण यांसह सैनिकी गणवेशात बदलतो. सायमन व कर्बी यांनी मार्च १९४१ च्या अंकासाठी निर्माण केलेला हा नायक स्वतःच युद्धप्रचाराचे साधन होता, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती वेशभूषेच्या द्वारे कथेतच गुंफली गेली आहे. रूप आणि कारण यांची सांगड घालणारे हे उत्तम उदाहरण होय.

पेगी कार्टर या पात्राचे वळणदार केस, लालभडक ओठ आणि कडक इस्त्रीचा गणवेश यांनी त्या काळातील स्त्रीसैनिकाची प्रतिमा पुन्हा लोकप्रिय केली. मात्र याच चित्रपटातील नायकाचे पथक निराळा प्रश्न उपस्थित करते. त्यात कृष्णवर्णीय गेब जोन्स आणि जपानी वंशाचा अमेरिकन जिम मोरिटा गोऱ्या सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून लढतात. वस्तुतः अमेरिकन सैन्यातील वर्णविभागणी संपविणारा अध्यक्षीय आदेश जुलै १९४८ मध्ये निघाला. मोरिटा आपण कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोचे असल्याचे अभिमानाने सांगतो. परंतु फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत ठेवले गेले आणि त्यासाठीचे एक तात्पुरते केंद्र खुद्द फ्रेस्नो येथेच होते.

येथे दिग्दर्शकाला सरसकट दोष देणे योग्य ठरणार नाही. या पथकाची मूळ चित्रकथा १९६३ मध्ये सुरू झाली आणि गेब जोन्स तेव्हापासूनच तिच्यात होता. नागरी हक्कांच्या चळवळीच्या ऐन भरात निर्मात्यांनी भूतकाळात पेरलेली ती एक आकांक्षा होती. तथापि २०११ च्या प्रेक्षकापुढे ही आकांक्षा अचूक शिवलेल्या गणवेशांत आणि अचूक कापलेल्या केसांत येते, तेव्हा ती वस्तुस्थिती वाटू लागते. शिंप्याच्या आणि केशभूषाकाराच्या अचूकतेमुळे चित्रपटातील समाजचित्रालाही न तपासता प्रामाण्य लाभते, हा या अभ्यासातील कळीचा मुद्दा आहे.

स्त्रीनायिकांच्या पोशाखाचे प्रश्न

'वंडर वुमन' (२०१७) या चित्रपटाने १९४१ च्या नायिकेची कथा पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या पर्वात, १९१८ मध्ये नेली. लिंडी हेमिंग यांच्या वेशभूषेत लंडनमधील दुकानात नायिका एकामागून एक पोशाख घालून पाहते. शरीर आवळणारी कापडी चोळी पाहून ती हे येथील चिलखत आहे काय, असे विचारते. लांब स्कर्टमध्ये पाय उचलून लढता येईल का, हे तपासते. विनोदी वाटणारा हा प्रसंग पोशाख आणि हालचालीचे स्वातंत्र्य यांचा संबंध नेमका दाखवितो. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी ३० वर्षांवरील, मालमत्तेच्या अटी पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि चित्रपटात मताधिकाराच्या लढ्याचा ओझरता उल्लेखही आहे. याच मालिकेतील १९८४ वर आधारलेल्या दुसऱ्या चित्रपटात (२०२०) कपडे घालून पाहण्याचा प्रसंग पुरुषपात्राच्या वाट्याला येतो. पण तेथे दशकातील विचित्र विजारींवर हसण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

'कॅप्टन मार्व्हल' (२०१९) ची कथा १९९५ मध्ये घडते. फाटकी जीन्स, संगीतसमूहाचे नाव असलेला टी-शर्ट, चामडी जाकीट ही काळाची सहज ओळख पटविणारी चिन्हे त्यात आहेतच. परंतु नायिकेचा वैमानिकाचा गणवेश अधिक अर्थपूर्ण आहे. अमेरिकन हवाई दलात स्त्रियांना लढाऊ विमाने चालविण्याची मुभा १९९३ मध्ये मिळाली. त्यापूर्वी त्या प्रायोगिक उड्डाणांकडे का वळल्या, हे चित्रपटात स्पष्टपणे सांगितले जाते. गणवेशासोबत त्यामागील मनाईही पडद्यावर येते.

केस आणि वंशाची स्मृती

'एक्स-मेन' मालिकेतील स्टॉर्म ही कृष्णवर्णीय नायिका १९७५ मध्ये लांब पांढऱ्या केसांसह अवतरली. १९८३ मध्ये चित्रकथेत तिने डोक्याच्या दोन्ही बाजू भादरून मध्ये केसांचा उभा तुरा ठेवला. पंक चळवळीतून आलेली ही रचना तिच्या मनातील उलथापालथीची खूण होती. १९८३ मध्ये घडणाऱ्या 'एक्स-मेन : अपोकॅलिप्स' (२०१६) या चित्रपटात हा तुरा परत आला, परंतु त्यामागील आंतरिक संघर्ष मात्र आला नाही. चित्रकथेत निर्णय असलेली केशरचना चित्रपटात केवळ सालाची खूण होऊन उरते.

याउलट २०१९ ची 'वॉचमेन' ही मालिका पोशाखाचाच उपयोग दडलेला इतिहास उघड करण्यासाठी करते. अ‍ॅलन मूर व डेव्ह गिबन्स यांच्या १९८६-८७ च्या चित्रकथेत गळ्याभोवती दोर व चेहऱ्यावर बुरखा असलेला, १९३८ पासून वावरणारा एक नायक आहे. त्याची ओळख तेथे निश्चित होत नाही. मालिकेने हा नायक कृष्णवर्णीय पोलीस असल्याची कल्पना मांडली. त्याच्याच गोऱ्या सहकाऱ्यांनी त्याला फासावर लटकविण्याचा प्रयत्न केलेला असतो; तो दोर आणि तो बुरखा त्या अत्याचाराचे अवशेष ठरतात. बुरख्याच्या छिद्रांतून दिसणारी कातडी तो पांढरी रंगवितो, कारण लोकांना नायक गोराच अपेक्षित आहे. मालिकेचा आरंभ १९२१ च्या टल्सा येथील कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाने होतो. ८० वर्षांच्या परंपरेतील एका ठरीव पोशाखाला येथे कारण परत दिले गेले.

२०२५ : दोन पुनरागमने

जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झालेले दोन चित्रपट या चर्चेला वेगळे वळण देतात. सुपरमॅनची लाल चड्डी २०११ मध्ये चित्रकथेतून व २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील' या चित्रपटातून वगळली गेली होती. २०१८ मध्ये ती चित्रकथेत परतली आणि जेम्स गन यांच्या 'सुपरमॅन'मध्ये (२०२५) पडद्यावरही आली. मधल्या काळातील गडद, चिलखतासारखा पोशाख सामर्थ्याची जरब दाखवीत होता. परतलेला पोशाख मुलांनाही ज्याची भीती वाटू नये असा नायक सुचवितो. सर्कशीच्या पहिलवानाचा सौम्यपणा जणू परत आला, मात्र ती सर्कस आता कोणाच्या स्मरणात उरलेली नाही.

दुसरा चित्रपट 'द फँटॅस्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स'. नोव्हेंबर १९६१ च्या चित्रकथेतून जन्मलेले हे कुटुंब येथे १९६० च्या दशकासारख्या, पण आपल्या जगाहून वेगळ्या एका जगात राहते. आत वळविलेले गुळगुळीत केस, फिकट निळा-पांढरा गणवेश, गोलाकार घरे यांतून त्या दशकाने पाहिलेले भविष्य साकारते. मूळ चित्रकथेत 'अदृश्य मुलगी' म्हणविली जाणारी आणि १९८५ मध्येच 'स्त्री' हे बिरुद मिळालेली स्यू स्टॉर्म येथे साऱ्या जगाशी वाटाघाटी करणारी मुत्सद्दी आहे. हा बदल स्वागतार्ह असला, तरी समान वेतनाचा कायदा (१९६३) आणि नागरी हक्क कायदा (१९६४) ज्या संघर्षांतून आले, त्या संघर्षांची गरजच या जगात उरलेली नाही. पर्यायी जगाची कल्पना वेशभूषाकाराला स्वातंत्र्य देते आणि पटकथाकाराला इतिहासाच्या जबाबदारीतून मोकळे करते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. सुपरहीरो चित्रपटांतील जुन्या धाटणीची केशभूषा व वेशभूषा ही भूतकाळाची नोंद नसून निवड असते. ही निवड चित्रपट ज्या काळात तयार झाला त्या काळाबद्दल अधिक सांगते. १९७८ चा जुनेपणा हा वॉटरगेटनंतरच्या समाजाचा आहे, १९३८ चा नाही.

२. तपशिलांची अचूकता आणि ऐतिहासिक सत्यता या भिन्न गोष्टी आहेत. अचूक केशरचना व गणवेश हे सामाजिक चित्रणातील उणिवा झाकण्यास साहाय्यभूत ठरू शकतात, हे 'कॅप्टन अमेरिका'च्या उदाहरणातून दिसते.

३. पोशाखासोबत त्याचे कारणही पडद्यावर आणणे लोकप्रिय चित्रपटाला अशक्य नाही. युद्धरोखे विकणाऱ्या नायकाचा वेश, लंडनच्या दुकानातील चोळी, वैमानिकाचा गणवेश आणि गळ्यातील दोर ही त्याची उदाहरणे आहेत.

४. मूळ चित्रकथा हाही स्वतंत्र ऐतिहासिक पुरावा आहे. गेब जोन्सचे पात्र दर्शविते त्याप्रमाणे एकाच पोशाखात १९४३, १९६३ आणि २०११ असे तीन काळ एकत्र नांदू शकतात. त्यांची फोड करणे हे अभ्यासकाचे काम आहे.

महाविद्यालयीन अध्यापनात चित्रपटांचा उपयोग ऐतिहासिक साधन म्हणून करताना या मुद्द्यांचे भान उपयुक्त ठरावे. विद्यार्थी सुपरहीरो चित्रपट आवडीने पाहतात आणि दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेची त्यांच्या मनातील प्रतिमा पुष्कळदा तेथूनच तयार होते. पेगी कार्टरचे केस दाखवून वेरोनिका लेक आणि कारखान्यातील यंत्रे यांच्यापर्यंत पोहोचता येते. मोरिटाच्या गणवेशापासून फ्रेस्नोच्या छावणीपर्यंत जाता येते. पडद्यावर ज्यांचे केस आणि कपडे दिसतच नाहीत, त्या झूट सूट घालणाऱ्या तरुणांचा विचारही वर्गात याच वाटेने करता येईल.